आधी कूलर बंद करा

कोठीचं झाकण खण्णकन फरशीवर पडलं आणि दुपारची सामसूम तडकली.

सुचिता स्टुलावर उभी होती आणि खांद्यापर्यंत कोठीत होती. गव्हाची कोठी, पत्र्याची, माणसाच्या उंचीची. मार्च लागला की ती तळाला जाते. मग तिला धुऊन, अंगणात आडवी पाडून ऊन दाखवायचं आणि नवा गहू येईपर्यंत तशीच रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या पोटात तोंड घालून सुचिता गात होती. वरच्या पट्टीतला एक लांब सूर तिनं नुकता कुठं धरला होता, तो तोंडातच राहिला. पत्रा मात्र आतून अजून गुणगुणत होता.

"मांजर शिरली का वं कोठीत?" पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा, रुखमाबाईंचा, झोपेनं जड झालेला आवाज आला.

"नाई आत्याबाई, झाकण पडलं."

"लावून ठेव बाई. उंदरं शिरतेत."

सुचितानं डोकं बाहेर काढलं. केसांना पत्र्याचा वास लागला होता. दारात काजल उभी होती, तिची चार वर्षांची लेक, एका हातानं उशी ओढत आणलेली, गालावर चादरीच्या वळ्या उमटलेल्या.

"आई, आणखीन म्हण ना. कोठीतलं गाणं."

"झोपमोड झाली का तुही? झाकणानं उठली?"

"गाण्यानं उठली मी. झाकण तं मागून पडलं."

सुचिता स्टुलावरून उतरली, लेकीला उचललं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. झोपून उठलेल्या लेकराच्या मानेला कोमट सायीसारखा वास असतो. त्या वासापुढं तिला कधीच काही सुचायचं नाही. पण आज त्या वासातही गाणं डोक्यात चालूच होतं. रविवार दोन दिवसांवर आला होता आणि शेवटचा सूर अजून अर्ध्यातच फाटत होता.

या घरात गाण्याला बंदी नव्हती. बंदी असती तर भांडता तरी आलं असतं. आरतीला सुचिताच पुढं असायची. महाराजांच्या प्रकटदिनी ती पदं म्हणायला लागली की सासरे पंजाबराव खुर्ची पुढं ओढून बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमची सुनबाई शेगावले शिकली. आवाज पाहा कसा लागते." पण हे गाणं वेगळं होतं. याच्या शेवटाला एक लांबलचक ओरडणं होतं, शब्दाविना, मानेच्या शिरा ताणून. तो आवाज स्वयंपाकघरात काढला असता तर शेजारपाजारचे पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले असते. म्हणून कोठी.

गाणं तिचंच होतं. कॉलेजात असताना केलेलं. एका उन्हाळ्यात ती सुट्टीला माहेरी गेली, तर बैठकीत काका, मामा, वडील असे सगळे कूलरपुढं मांडी घालून तिचं लग्न कोणत्या वर्षी उरकायचं ते ठरवत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, मले आधी शिक्षण पुरं करू द्या. कोणी वळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मामा म्हणाले, "काय म्हणून राह्यली पोरगी? आयकू येत नाई बुवा, कूलर चालू हाये." त्या कूलरचं बटण मामांच्या हाताशी होतं. कोणीही ते दाबलं नाही. होस्टेलवर परतल्यावर तिनं एका बैठकीत गाणं लिहून काढलं:

आधी कूलर बंद करा, मंग मी बोलते.
आधी घाम येऊ द्या तुमाले, मंग मी बोलते.

वर्गातल्या वकारनं त्याला गिटार दिली. नागसेननं मेसच्या टेबलावर असा ठोका धरला की ताटल्या उड्या मारायला लागल्या. तिघांचा मिळून रॉक बँड झाला आणि नागसेननंच त्याला नाव दिलं, 'उलंगवाडी'. कपाशीचा शेवटचा वेचा झाला की शेत उपटून मोकळं करतात, ती उलंगवाडी. गॅदरिंगमध्ये ते दोनदा वाजवून आले. मग वकारनं जळगाव जामोदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, नागसेन खामगावला कुरिअरच्या गोदामात लागला, आणि सुचिताचं लग्न झालं. तेही जळगाव जामोदलाच, शिवमशी. त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान. माणूस वाईट नाही. लेकीचे लाड करतो, आवाज चढवत नाही.

महिन्याभरापूर्वी वकारची बहीण कौसर शिवलेले ब्लाउज द्यायला आली आणि पिशवी टेकवायच्या आधीच म्हणाली, "सुची, भाईजानले पुढच्या महिन्यात एका रविवारी हॉल भेटला. नागसेन येऊन राह्यला. तू गातं का नाई तेवढं सांग, बाकीचं मी पाहते."

सुचितानं जेवताना घरात विचारलं. घास तोंडात फिरत होता.

"विचारते काय?" पंजाबराव म्हणाले. "आपलं घर तसं हाये काय?"

"गा ना," शिवम म्हणाला. "मी व्हिडिओ काढतो."

रुखमाबाईंनी तेवढं म्हटलं, "कोठी आपली साफ ठेवजो. रविवार झाला की सोमवारी गहू येते."

झालं. इतकं सोपं. त्या रात्री सुचिता ओट्याला टेकून स्वतःशीच हसली होती. उगाच घाबरलो आपण, असं वाटलं होतं तिला.

*

बसस्टँडमागचं मंगल कार्यालय. पंजाबरावांचे मित्र भगवानराव एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या पुतणीची हळद रविवारी संध्याकाळी त्याच हॉलात होती. मांडव, खुर्च्या, कूलर सगळं लागलेलंच होतं, त्याआधीचा वेळ हॉल नुसता पडून राहणार होता. पोरं वाजवतात तर वाजवू द्या, असं म्हणून त्यांनी तो मोकळेपणानं देऊन टाकला. अट एकच. आठ वाजले की हळदीला हॉल खाली.

वकार आणि नागसेन दुपारीच सामान घेऊन पोचले. स्टेजवर प्लास्टिकच्या फुलांची कमान आणि मधोमध नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना सोफे.

"काका, ह्या खुर्च्या हटवता का?" वकारनं मांडव-खुर्च्या लावणाऱ्या बिछायतवाल्याला विचारलं. "ड्रम मधात पाह्यजे."

"मंग पाहुणे कुठी बसतीन?"

"कोणते पाहुणे? गाण्याचा कार्यक्रम हाये."

बिछायतवाल्यानं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "पाहुण्याबिगर कार्यक्रम असते काय, भाऊ?"

ड्रम कोपऱ्यात गेला, थर्माकोलच्या हत्तीमागं. नागसेन उंच होता म्हणून हत्तीच्या पाठीवरून त्याचं डोकं तरी दिसत होतं.

सुचिता आली तेव्हा हॉल अर्धा भरला होता. खामगाव, शेगावकडची काळ्या टी-शर्टातली पोरंपोरी मागं घोळका करून होती. डाव्या बाजूला बायका, त्यात रुखमाबाई शेजारणींना घेऊन, मांडीवर चिवड्याचा डबा. भिंतीला लागून चार मोठे कूलर घरघरत होते. कौसरनं सुचितासाठी काळा कुर्ता शिवला होता, दोन्ही बाजूंना खोल खिसे असलेला. "स्टेजवर गेली की हात कुठी ठेवू म्हणून घाबरशीन," ती म्हणाली होती. "खिशात ठेव. रॉकवाले तसेच ठेवतेत."

सुचिताचं गाणं शेवटचं ठेवलं होतं. त्याच्यानंतर दुसरं काही वाजवूच शकत नाही, असं वकारचं म्हणणं. तिनं काजलला कौसरच्या मांडीवर दिलं, हात खिशात घातले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पोटात गोळा होता, पण हवाहवासा. पाच वर्षांत पोटात असं काही हललं नव्हतं. हललं होतं, पण ती काजल होती.

तेवढ्यात ज्ञानेश्वर सरांनी माइक घेतला. सर झेडपीच्या शाळेत शिकवत आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचं निवेदन करत. त्यांच्या हाती माइक गेला की तो सोडवायला दोन माणसं लागत.

"व्यासपीठावर मान्यवरांनी आसनस्थ व्हावं, अशी मी विनंती करतो!"

आणि मान्यवर चढायला लागले. भगवानराव, पंजाबराव, सोसायटीचे कोणी, पतसंस्थेचे कोणी, एक डॉक्टर, एक निवृत्त तलाठी. दोघं मखमली खुर्च्यांवर बसले, बाकीचे सोफ्यांवर. गिटार गळ्यात अडकवून वकार त्यांच्या गुडघ्यांशी उभा राहिला, साहेबांपुढं तक्रार घेऊन आल्यासारखा.

"आता दीपप्रज्वलन. आणि सत्कारासाठी... सुचिताताई! जरा तबक धरता का? तुम्ही तं घरच्याच."

सुचितानं हात खिशातून काढले. तबकात शाली, नारळ, गुलाबाची फुलं. ती एकेका मान्यवरापुढं जाऊन उभी राहत होती. शाल उघडायची, खांद्यावर घालायची, नारळ हातात द्यायचा, फोटोसाठी सगळ्यांनी तिकडं पाहायचं. मग त्यांनी दोन शब्द बोलायचे. डॉक्टर व्यायामावर बोलले. तलाठी आपल्या काळात पोरं कशी ऐकत, त्यावर बोलले. भगवानराव म्हणाले की रॉक हा प्रकार त्यांना ठाऊक नाही, पण संस्कृती टिकली पाहिजे. मागची पोरं आधी हसली, मग शिट्ट्या मारायला लागली. मग मोबाइलमध्ये शिरली.

"बम टाइम घेऊन राह्यले हे," सुचिता वकारच्या जवळून जाताना पुटपुटली.

"बोलू नोको," तो ओठ न हलवता म्हणाला. "याच गावात राहायचं हाये मले. पुन्हा हॉल लागीन."

शेवटी एकदाचा नागसेननं हत्तीमागून ठोका टाकला.

पहिल्या ठोक्याला रुखमाबाईंच्या डब्यातला चिवडा सांडला. दुसऱ्याला समोरचं एक तान्हं रडायला लागलं आणि तिसऱ्याला गप्प झालं. मग वकारची गिटार आली, खरखरीत, विहिरीवरची मोटर चालू झाल्यासारखी, आणि मागचा काळा घोळका एकदम पुढं लोटला. खुर्च्या बाजूला सरकल्या. पोरं उड्या मारत होती, पोरी केस उडवत होत्या, बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या आणि त्यांचे पाय खुर्चीखाली ठेका धरत होते. सुचिताच्या छातीत तो ठोका घुसला आणि तिथंच घर करून बसला. काजल कौसरच्या मांडीवर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होती. आईला पाहून ती ओरडली. काय ओरडली ते ऐकू आलं नाही, पण हसणारं तोंड दिसलं, पुढचे इवलेसे दात दिसले, आणि सुचिताला वाटलं, बस, आता हे सगळं पोट भरून घ्यावं आणि वर चढावं.

दुसरं गाणं ऐन रंगात आलं होतं. वकार डोळे मिटून, मान खाली घालून गिटारवर एकटाच कुठंतरी लांब निघून गेला होता. तेव्हाच ज्ञानेश्वर सर मध्ये आले.

"थांबवा, थांबवा! दोनच मिनिटं! आपल्या कार्यक्रमाला माजी सभापती साहेबांचं आगमन झालेलं आहे. टाळ्यांच्या गजरात..."

वकारची बोटं तारांवरच राहिली. नागसेननं तरी दोन ठोके जास्त दिले, मग काड्या मांडीवर ठेवल्या. माजी सभापती हात जोडत, ओळखीच्यांच्या पाठीवर थाप मारत स्टेजवर आले. सोफ्यावर दाटीवाटीनं जागा झाली. सुचितापुढं पुन्हा तबक आलं. साहेबांच्या खांद्यावर शाल घालताना तिच्या मनात आलं, ही शाल इथंच घट्ट आवळावी. तिला स्वतःची भीती वाटली नाही, उलट जरा बरं वाटलं.

साहेब दोन शब्द बोलले. ते काही दोन नव्हते.

हॉलच्या दारात आता हळदीच्या बायका येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या, पिवळ्या साड्यांतल्या, हातात कलश आणि मेंदीचे कोन. बाहेर डीजेवाला त्याचे डबे तपासत होता. मध्येच एखादा धप्प आवाज यायचा आणि खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. वकारनं मधली दोन गाणी गाळली. त्यानं सुचिताकडं पाहिलं आणि मान हलवली. ये.

ती चढली. खिशात हात. कौसरनं खालून मूठ वर केली. काजल ओरडली, "माही आई!" आणि मागची पोरं हसून टाळ्या वाजवायला लागली. नागसेननं काड्या डोक्यावर एकमेकींवर आपटल्या, एक, दोन...

"पण त्याआधी!" ज्ञानेश्वर सर म्हणाले.

सरांचा चेहरा आनंदानं फुलला होता. शिवमही स्टेजवर आला होता, मोबाइल हातात धरून, लाजून हसत. पंजाबराव सोफ्यावरून उठले होते.

"आज एक सरप्राइज आहे! ज्यांनी सासर-माहेर दोन्ही उजळलं, लेकरू सांभाळून, सासूसासऱ्यांची सेवा करून, आपली कला मनाच्या कोपऱ्यात जपली, अशा आपल्या सुचिताताई यांचा 'आदर्श सून' म्हणून मंडळातर्फे सत्कार! ताई, बसा. बसा खुर्चीवर."

तिला नवरीच्या मखमली खुर्चीवर बसवण्यात आलं. तिनं वकारकडं पाहिलं. तो तारा पुसत होता, वर पाहत नव्हता. भगवानराव बोलायला उभे राहिले. पोरगी कलाकार, म्हणाले. मोठ्या शहरात गेली असती तर कुठल्या कुठं गेली असती. पण घरासाठी गाणं बाजूला ठेवलं. आजकालच्या मुलींनी शिकावं असा त्याग. पंजाबरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत. सुचिता पाहत होती. खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

कोण म्हणालं ठेवलं? ती आतल्या आत विचारत होती. कोणी ठेवलं? इथं गायलाच तर आले आहे मी. हे तुम्ही ज्या गाण्याचा सत्कार करून राह्यले, ते गाणं अजून माह्या तोंडात हाये, अन तुम्ही त्याच्या तोंडावर शाल टाकून राह्यले!

खांद्यावर शाल आली. हातात नारळ, त्यावर साडीचं पुडकं, त्यावर काचेचं स्मृतिचिन्ह. कुर्त्याचे खिसे शालीखाली गेले. दारातल्या पिवळ्या बायका आता आत सरकल्या होत्या आणि एकजण घड्याळ दाखवत होती.

"वेळ संपत आलेला आहे," सर म्हणाले, "तरी सत्कारमूर्तींनी दोन शब्द..."

माइक तिच्या हातात आला. नारळ, साडी, काच सगळं एका काखेत. ती उठून उभी राहिली. पंजाबराव एकदम खाली ओरडले, "अरे, ते कूलर बंद करा बे! सुनबाई बोलून राह्यली."

कोणीतरी धावलं. एक कूलर बंद झाला. दुसरा. तिसरा. चौथा. हॉल असा शांत झाला की पंख्याची पाती थांबताना करतात ती शेवटची खरखरही ऐकू आली. सगळे तिच्याकडं पाहत होते. बायका, काळे टी-शर्ट, हळदीचे कलश, सगळे. लोकांच्या कपाळावर घाम जमायला लागला. हत्तीमागून नागसेननं काड्या उचलल्या. वकारचं बोट पहिल्या सुरावर आलं. दोघंही तिच्याकडं बघत होते. एक श्वास, एवढंच लागणार होतं.

सुचितानं तोंड उघडलं.

"आदरणीय व्यासपीठ," ती म्हणाली, "आणि उपस्थित सर्व..."

तिचं तिलाच कळेना की हे कोण बोलतंय. शाळेपासून इतक्या वेळा पाठ झालेलं, इतकं गुळगुळीत झालेलं, की ते आपोआप बाहेर पडत होतं. मंडळाचे आभार. भगवानराव काकांचे आभार. सासऱ्यांनी मुलीसारखं वागवलं. सासूबाईंनी सांभाळून घेतलं. शिवम पाठीशी उभे राहिले. ती थांबायला बघत होती आणि एक आभार संपला की दुसरा त्याच्या मागून येत होता. आवाज गोड, पदं म्हणताना लागतो तसा. ज्या जागेत एक अख्खं कडवं आणि शेवटचा सूर बसला असता, ती सगळी जागा तिनं आभारांनी भरून काढली.

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. आणि टाळ्या संपायच्या आत बाहेरच्या डीजेनं पहिला खराखुरा धक्का दिला, पिवळ्या बायका हसत-ओरडत आत घुसल्या, आणि बिछायतवाल्यानं वकारच्या सामानाची वायर भिंतीतून उपटली.

*

गेटपाशी कौसरनं तिला गाठलं. काजल तिच्या खांद्यावर पेंगत होती.

"तुह्या हाती होता माइक," कौसर म्हणाली. "तुह्या हाती, सुची. कूलर बंद केले त्यायनं. सगळे कूलर. अन तू काय म्हटलं? आभार?"

"मले माहीत नाई."

"माहीत नाई! भाईजान महिनाभर दुकान बंद झाल्यावर त्या गाण्यावर बसत होता. मी खिसे शिवले तुले, खिसे! मार ना तोंडात मले, मार, पण असं नोको करू."

"कौसर, मले खरंच माहीत नाई कसं झालं ते."

कौसरनं काजलला तिच्या हातात दिलं, लेकराच्या पाठीवरून हात फिरवला आणि वळली. वकार आणि नागसेन टेम्पोत सामान चढवत होते. नागसेननं लांबून हात केला. नेहमीसारखाच केला, तेच जास्त लागलं.

शिवमनं गाडी काढली. सुचिता मागं, काजल तिच्या मांडीवर, मध्ये साडीचं पुडकं आणि काच. रस्ताभर तो बोलत होता.

"किती मस्त बोलली तू. बाबा रडले, पाह्यलं का? व्हिडिओत सगळं आलं."

"मले विचारलं होतं का तुमी?"

"काय?"

"सत्कार करून राह्यलो म्हणून."

"सरप्राइज विचारून देतेत काय?" तो हसला.

"मले गायचं होतं."

"मंग गायचं होतं ना," शिवम म्हणाला, अगदी सरळ, मनात काही न ठेवता. "माइक तं तुह्याच हाती होता."

सुचितानं त्याच्या पाठीकडं पाहिलं. तेच वाक्य. कौसरचं आणि याचं, एकच. आणि दोघांचंही खरं. तिला वाटलं, या पाठीवर दोन्ही मुठी आपटाव्यात. पण मूठ आपटायला हात मोकळा नव्हता. एका हातात नारळ होता आणि दुसरा लेकीच्या पोटाभोवती.

घरी पोचेपर्यंत आत्याबाईंचं शेजारणींना सगळं सांगून झालं होतं. काच टीव्हीच्या वर ठेवली गेली. साडी उघडून पाहिली गेली, रंग हलका आहे असं ठरलं. सुचितानं शाल काढून कॉटवर फेकली. ती इतक्या जोरात पडली की रुखमाबाई म्हणाल्या, "काय झालं वं? मानाची शाल हाये ते."

"गरम होऊन राह्यलं," सुचिता म्हणाली. आणि एवढंच म्हणाली याचाही तिला राग आला. दातांवर दात ठेवून ती मागच्या खोलीत गेली.

पंजाबराव तिथंच होते. कोठीवर बोटांनी टकटक करून पाहत होते. पत्रा टण्णकन वाजला, आत घुमला आणि थांबला.

"चांगली वाळली," ते खूश होऊन म्हणाले. "सकाळी ट्रॅक्टर येते. निंबाचा पाला तेवढा आणून ठेवजो, सुनबाई." जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मायेनं, जड असा. "आज नाव काढलं तू घराचं."

ते गेले. सुचिता कोठीपाशी उभी राहिली. झाकण उचललं. आत काळोख होता, पत्र्याचा आणि उन्हाचा वास होता. तिनं डोकं आत घातलं नाही. आता ओरडलं तर सगळं घर धावत येईल, हे तिला ठाऊक होतं, आणि येऊ दे, असंही वाटत होतं. दोन्ही हात झाकणाच्या कडेवर असे आवळले होते की बोटांना धार लागत होती.

मागं पावलं वाजली, चपलांशिवायची, लहानशी. काजल नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली होती. झोप तिच्या डोळ्यांत अजून होती, पण ती कोठीकडं नीट बघत होती, वरपासून खालपर्यंत, आबा बघतात तशी. मग तिनं आईच्या कुर्त्याचा खिसा ओढला.

"आई, उद्या आबा याच्यात गहू भरतीन. मंग तू गाणं कुठी म्हणशीन?"